प्रीसीझन बघताना लाल शाईचे क्वार्टर वाचा

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, प्रीसीझन (सीझनआधीची सराव) मॅच बघायला बसलात की कोणी किती पॉइंट केले ते लिहायचा मोह आधी आवरा. त्याऐवजी चार गोष्टी लिहा: कोण उतरला, कधी उतरला, कोणाबरोबर उतरला आणि समोर कोण होतं. खेळाडूबद्दल कोचच्या मनात काय चाललंय ते या चार रकान्यांत सगळ्यात आधी उमटतं. पॉइंटचं बघायला पुढचे सहा महिने आहेतच.

मी मुंबईत टेबलवर बसते, स्कोअरर म्हणून. माटुंगा, नागपाडा, शाळांची मैदानं, कॉलेजचे कोर्ट. मॅच चालू असताना एक डोळा शीटवर आणि दुसरा बदली खेळाडूंच्या खुर्च्यांकडे. आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) स्कोअरशीटवर पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल पेनाने करतात, दुसऱ्या आणि चौथ्याच्या निळ्या किंवा काळ्या पेनाने. सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांच्या नावापुढच्या फुलीभोवती लाल गोल पडतो. पुढे जो बेंचवरून पहिल्यांदा आत येतो त्याच्या नावापुढे नुसती फुली, त्या क्वार्टरच्या रंगात. मॅच संपल्यावर शीट हातात धरली की कोचचा भरवसा कोणावर आहे ते रंगावरूनच कळायला लागतं.

एनबीएत ही कागदी शीट नसते, पण घरी प्रीसीझन बघताना मी रंगांचा हाच नियम वापरते. तुम्हीही वापरा, कारण प्रीसीझनमध्ये वाचण्यासारखं जे असतं ते बहुतेक करून लाल क्वार्टरमध्येच असतं. पहिल्या क्वार्टरला कोच आपले मुख्य पाच पाठवतो आणि क्वार्टर अर्धा सरला की बदल सुरू करतो. त्यात सगळ्यात आधी कोणाला उठवलं ते मिनिटासकट लिहा. हाफटाइमनंतर तेच पाच पुन्हा उतरले तर कोचला त्यांचा ताळमेळ अजून पाहायचाय. पाचातला एकच बदलून उतरला तर त्या जागेचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तुमच्या वहीतलं पुढचं पान त्या दोघांचं. चौथा क्वार्टर सहसा सीझनआधीच्या सराव-कॅम्पला बोलावलेल्या पोरांचा असतो. तिथे कोणी १४ पॉइंट ठोकले तर टाळ्या जरूर वाजवा, पण वहीत ते निळ्याच शाईत राहू दे.

पान आखायची रीत

मॅचच्या आधी टीमची यादी समोर घ्या आणि खेळाडूंचे तीन गट करा. त्यासाठी करार समजून घ्यावे लागतात, त्याला इलाज नाही. सीझन नसताना एनबीए टीमला २१ खेळाडूंपर्यंत ठेवता येतात. सीझन सुरू होताना ही संख्या १५ नेहमीच्या करारांवर आणि तीनपर्यंत टू-वे करारांवर यावी लागते. टू-वेवाला खेळाडू मुख्य टीम आणि जी लीगची (एनबीएच्या खालच्या लीगची) टीम यांच्यात ये-जा करतो, आणि एनबीएच्या जास्तीत जास्त ५० मॅचना त्याचं नाव लागू शकतं. याशिवाय एक्झिबिट १० नावाचा करार असतो: एका वर्षाचा, किमान पगाराचा, हमी नसलेला. अशा खेळाडूला मुख्य टीमने सोडलं आणि तो त्याच क्लबच्या जी लीग टीममध्ये ६० दिवस राहिला तर त्याला बोनस मिळतो. म्हणजे कॅम्पमधली काही पोरं मुळात जी लीगसाठीच आणलेली असतात. हे माहीत नसेल तर प्रेक्षक उगाच त्यांच्यात आणि मुख्य खेळाडूंत तुलना करत बसतो.

पहिला गट पक्क्यांचा. यांना काही सिद्ध करायचं नसतं. ते नवीन काहीतरी करून बघत असतात, डाव्या हाताचा फिनिश, पोस्टमधून (रिंगजवळून) पास, नव्या साथीदाराबरोबरचा पिक-अँड-रोल (एकाने बॉलवाल्यासाठी समोरच्याची वाट अडवायची आणि मग रिंगकडे धावायचं). यांचे चुकलेले शॉट मोजूच नका. दुसरा गट जागेसाठी झगडणाऱ्यांचा, आणि आपला सगळा वेळ या गटासाठी. तिसरा गट टिकायला आलेल्यांचा. त्यांच्यासाठी एकच प्रश्न पुरतो: याच्याकडे अशी कुठली एक गोष्ट आहे जी या टीममधल्या दुसऱ्या कोणाकडे नाही?

दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाच्या पानावर वरती एक वाक्य लिहा, आणि ते प्रश्नार्थक असू द्या. ‘हा खेळाडू कसा आहे?’ असला मोघम प्रश्न नको. ‘हा मुख्य पॉइंट गार्डच्या (बॉल आणून खेळ मांडणाऱ्याच्या) शेजारी उतरला तर डिफेन्समध्ये मोठ्या गार्डला अडवू शकतो का?’ असा लिहा. प्रश्न नेमका असला की डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं.

मग २४० मिनिटांचा हिशेब मांडा. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे कोचकडे वाटायला २४० मिनिटं. मुख्य पाच जण दरेकी ३२-३३ मिनिटं खेळले तर १६० ते १६५ मिनिटं तिथेच संपली. उरलेली पंचाहत्तर-ऐंशी मिनिटं चार किंवा पाच जणांत जातात. कोणी कितीही चांगला खेळला तरी त्याची मिनिटं कोणाच्या तरी खात्यातून यावी लागतात. माझा भाचा प्रीसीझनमध्ये दर आठवड्याला एका नव्या पोराच्या प्रेमात पडतो.

‘मावशी, त्याने २२ मारले. तू अजून प्रश्नचिन्हच ठेवलंयस?’

‘अरे, २२ मारले ते कबूल. आता सांग, मिनिटं कोणाची कापू?’

हा प्रश्न विचारला की पोरगा स्वतःच यादी काढतो आणि हिशेब करू लागतो. तुम्हीही कौतुकाचं वाक्य लिहिण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर सापडलं तर ते नाव आणि मिनिटं दोन्ही लिहून ठेवा.

बॉल नसताना

टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो, आपल्याला त्याच्यामागे धावायचं नाही. दुसऱ्या गटातला एक खेळाडू निवडा आणि सलग पाच-सहा पझेशन (बॉल एका टीमकडे असतो तेवढा डाव) फक्त त्याच्याकडे बघा. तो फ्रेमबाहेर गेला तर वाट बघा. रेकॉर्डिंग बघत असाल तर मागे नेऊन पुन्हा बघा. प्रत्येक पझेशनला एक अक्षर लिहायचं. माझी अक्षरं अशी: डिफेन्सला धावत परतला तर प, शॉट उडताच आपल्या माणसाला अंगाने मागे रेटलं तर ब, दुसऱ्याच्या मदतीला वेळेवर सरकला तर ह, आणि नुसता बॉलकडे बघत उभा राहिला तर झ, म्हणजे झोपला. एका क्वार्टरनंतर पानावर ‘प ब ह प झ ब ह प’ अशी ओळ तयार होते. दुसऱ्याची ओळ ‘झ प झ झ ब झ’ अशी असते. दोघांनी त्या क्वार्टरमध्ये सहा-सहाच पॉइंट केलेले असतील, पण त्यांच्यातला कोण नोव्हेंबरमध्ये खेळणार ते बऱ्याचदा या ओळीवर आधीच लिहिलेलं असतं.

सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) जोखायचा असेल तर फक्त पाय बघा. समोरची टीम पिक-अँड-रोल खेळते, गार्ड स्क्रीनचा (साथीदाराच्या अडवणुकीचा) आधार घेऊन आत शिरतो. बऱ्याच टीमचा सेंटर अशा वेळी पुढे न झेपावता मागे राहतो, त्याला ड्रॉप म्हणतात. त्याला एकाच वेळी दोघांना रोखायचं असतं: बॉल घेऊन येणारा गार्ड आणि रिंगकडे धावणारा सेंटर. चांगला सेंटर इथे कंबर खाली ठेवून, छोटी पावलं टाकत, तिरका मागे सरकतो. टाचा जमिनीला टेकत नाहीत, एक हात गार्डच्या नजरेपुढे, दुसरा हात पासच्या वाटेत. गार्डने थांबून फ्लोटर (वरून अलगद टाकलेला शॉट) उचलला तरच तो उडी मारतो. कच्चा सेंटर पहिल्याच हेसिटेशनला (गार्डने थबकल्याचा आव आणला की) सरळ उभा होतो. गुडघे सुटले, टाचा टेकल्या, की पुढच्या अर्ध्या सेकंदात एक तर त्याच्या डोक्यावरून लॉब (उंच पास) जातो किंवा गार्ड त्याला वळसा घालून लेअप (रिंगजवळून सोपा शॉट) करतो. ब्लॉकच्या आकड्यात यातलं काही येत नाही. उभा झालेला सेंटरही मागून उडी मारून एखादा ब्लॉक मिळवतोच आणि हायलाइटमध्ये झळकतो. तुम्ही टाचा टेकल्याची खूण करत राहा.

गार्डच्या बाबतीत बघायची वेळ वेगळी. त्याने पास दिल्यानंतरचे दोन सेकंद बघा. पास दिला आणि लगेच कट मारला, किंवा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, तर त्याच्यामुळे दुसऱ्याला मोकळी जागा मिळते. पास देऊन तिथेच हात पसरून बॉल परत मागत उभा राहणारा गार्ड मोठ्या खेळाडूंच्या टीममध्ये फार दिवस टिकत नाही.

शॉटची टक्केवारी बाजूला ठेवा

समजा एखाद्या नव्या विंगने (कडेने खेळणाऱ्या खेळाडूने) सगळ्या प्रीसीझनमध्ये मिळून २० थ्री-पॉइंटर मारले. त्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे असं धरा. अलीकडे एनबीएची सरासरीही त्याच्याच आसपास असते. असा खेळाडू २० पैकी सरासरी सातेक शॉट घालेल. पण साधं संभाव्यतेचं गणित केलं तर अशा सात खेळाडूंतला एक जण निव्वळ योगायोगाने १० किंवा त्याहून जास्त घालेल, आणि दहातला एक चार किंवा त्याहून कमी. पहिल्याची टक्केवारी किमान ५० दिसेल, दुसऱ्याची फार तर २०. कुवत मात्र दोघांची एकच. एवढ्या शॉटवरून ‘आता याला शूटिंग जमायला लागलं’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

लिहायचं ते हे: शॉट कुठून घेतला आणि घेताना वेळ किती लावला. हे खेळाडूच्या आणि कोचच्या हातात असतं, त्यामुळे थोड्या मॅचमध्येही खरं कळतं. एनबीएची थ्री-पॉइंट लाइन कोपऱ्यात ६.७० मीटरवर आणि समोर ७.२४ मीटरवर असते. अर्ध्या मीटरहून जास्त फरक आहे हा. गेल्या वर्षी फक्त कोपऱ्यातून मारणारा खेळाडू या वर्षी समोरून, ड्रिबलवरून, न बिचकता मारायला लागला असेल तर ती मोठी बातमी आहे, चारपैकी चारही चुकले तरी. कोचने त्याला परवानगी दिली आहे आणि त्यानेही उन्हाळाभर सराव केला आहे. उलट, मोकळा असताना बॉल हातात आल्यावर रिंगकडे न बघता लगेच पुढे देणाऱ्याची दोनपैकी दोन टक्केवारी काही कामाची नाही.

फ्री थ्रो किती मिळाले तेही लिहा, पण रेफरींकडे लक्ष ठेवून. एनबीए दरवर्षी काही गोष्टींवर शिट्टी कडक करते आणि प्रीसीझनमध्ये ती कडकाई जास्तच जाणवते. २०२१-२२ ला शूटर मुद्दाम अंगावर जाऊन फाउल काढतात त्या हालचालींना फाउल देणं कमी केलं, आणि सीझनच्या सुरुवातीला जेम्स हार्डनसारख्या खेळाडूचे फ्री थ्रो लगेच घटले. टेबलवर बसणाऱ्या माणसाला हे आपसूक दिसतं, घरी बघणाऱ्याने पहिल्या दोन मॅचमध्ये शिट्टीचा कल टिपून ठेवावा.

समोर कोण होतं

२ ऑक्टोबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टी सिक्सर्सनी फिनिक्स सन्सना त्यांच्याच घरी १३४–१२४ असं हरवलं. आदल्या सीझनला सन्सनी ६४ मॅच जिंकलेल्या. ॲडलेडच्या क्रेग रँडलने ३५ पॉइंट केले, टीमने २४ थ्री-पॉइंटर घातले. ॲडलेडच्या खेळाडूंसाठी ती आयुष्यात एकदा येणारी रात्र होती, सन्ससाठी कॅम्पनंतरची पहिली परीक्षा. अशा मॅचमधून एनबीए टीमच्या खेळाडूबद्दल कळतं ते फारच थोडं. समोरच्याने जीव तोडून खेळायचं ठरवलेलं असताना आपला माणूस डिफेन्सला परततो का, एवढं मात्र कळतं, आणि ते लिहून ठेवावं.

एरवी समोरच्या टीमचे कोण कोर्टवर आहेत ते दर बदलाला बघा. तुमच्या खेळाडूने दहा पॉइंट केले तेव्हा त्याच्यासमोर मुख्य खेळाडू होता की कॅम्पमधला पोरगा? मी पानाच्या डाव्या कडेला समोरच्याचा नंबर लिहिते. प्लस-मायनसचा आकडा (खेळाडू कोर्टवर असताना टीम किती पॉइंटने पुढे किंवा मागे गेली तो) एका मॅचपुरता मी बघतच नाही. कोणाबरोबर उतरला यावर तो इतका अवलंबून असतो की चार मॅचमध्ये त्याला काही अर्थ राहत नाही.

वरळीचे दोन दिवस

भारतात एनबीएच्या मॅच पहिल्यांदा झाल्या त्या मुंबईतच, २०१९ च्या ४ आणि ५ ऑक्टोबरला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्स. दोन्ही प्रीसीझनच्या. पहिल्या दिवशी स्टँड शाळेतल्या मुलांनी भरलेले होते आणि मॅच ओव्हरटाइमला जाऊन पेसर्सनी १३२–१३१ ने घेतली. दुसऱ्या दिवशी १३०–१०६. पहिली मॅच मी टीव्हीवर बघितली, दुसरीला वरच्या रांगेत वही घेऊन बसले होते. त्या दोन टीम उदाहरणाला घेते, कारण पुढे त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे आणि कशावरून काय ओळखता येतं ते त्यातून नीट दिसतं.

पहिल्या मॅचला पेसर्सच्या टी. जे. वॉरनने ३० पॉइंट केले, किंग्सच्या बडी हील्डने २८. वॉरन त्याच उन्हाळ्यात फिनिक्सहून आलेला. त्याच्या पानावरचा प्रश्न होता: व्हिक्टर ओलाडिपो दुखापतीमुळे बाहेर असताना टीमचा स्कोअरिंगचा भार कोणावर? तेव्हा ३० हा आकडा महत्त्वाचा नव्हता. बॉल त्याच्याकडे जातोय, त्याच्यासाठी खेळी आखलेली आहे, हे महत्त्वाचं. त्या सीझनला त्याची सरासरी १९.८ पडली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ऑर्लँडोतल्या बबलमध्ये (कोविडमुळे सगळ्यांना एकाच जागी ठेवून खेळवलेल्या मॅचमध्ये) त्याने एका मॅचला ५३ केले.

पेसर्सपुढचा मोठा प्रश्न वेगळाच होता. थॅडियस यंग टीम सोडून गेला होता, आणि दोमांतास सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोघेही मोठे (उंच, रिंगजवळ खेळणारे) खेळाडू एकत्र सुरुवात करू शकतील का, हे ठरायचं होतं. टर्नर आदल्या वर्षी ब्लॉकमध्ये लीगमध्ये पहिला. सबोनिस तोवर मुख्यतः बेंचवरून येणारा. अशी जोडी जोखायची असेल तर स्कोअर विसरून तीन गोष्टी बघा. एक जण स्क्रीन लावून रिंगकडे धावला की दुसरा कुठे उभा राहतो? तो थ्री-पॉइंट लाइनबाहेर गेला तर जागा मोकळी, रिंगजवळच घुटमळला तर दोघांचा खेळ फसला. समोरच्या टीमने छोटा, चपळ फॉरवर्ड उतरवला तर दोघांपैकी कोण त्याच्यामागे बाहेर धावतो? आणि बॉल हातचा गेल्यावर दोघांतला पहिला कोण परततो? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो, कारण दोन मोठे खेळाडू एकदम मागे राहिले की समोरची टीम पळतच सुटते. कोचने सबोनिसवर भरवसा टाकला, सीझन सुरू होण्याच्या तोंडावर त्याचा करार वाढवला गेला आणि त्या वर्षी १८.५ पॉइंट, १२.४ रिबाउंड करत तो ऑल-स्टार झाला.

किंग्सकडे तीच गंमत उलट्या बाजूने. ड्वेन डेडमनला त्यांनी तीन वर्षांचा मोठा करार देऊन सेंटर म्हणून आणलं होतं, रिशॉन होम्सला त्याच उन्हाळ्यात त्या मानाने छोटा करार. यादी वाचणाऱ्याला डेडमन पक्क्यांत वाटला असता. पण सीझन सुरू झाल्या झाल्या जागा होम्सकडे गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डेडमनची अटलांटाला रवानगी झाली. म्हणून माझा आग्रह असतो की नवा कोच आणि नवा खेळाडू असतील तिथे मोठ्या पगाराच्या माणसालासुद्धा दुसऱ्याच गटात टाकावं. किंग्सचा कोच ल्यूक वॉल्टन त्या वर्षीच आला होता. नवा कोच आला की तो कोणत्या वेगाने खेळवणार, कोणत्या सेंटरला ते जमणार, ही सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून होते.

त्या दोन मॅचमधून काय वाचायचं नव्हतं तेही सांगते. फिटनेस. सॅक्रामेंटो आणि मुंबईच्या घड्याळात तेव्हा साडेबारा तासांचा फरक होता. इतक्या प्रवासानंतर तिसऱ्या क्वार्टरला कोणाचे पाय जड झाले असतील तर त्यावरून त्याची तयारी जोखणं अन्यायाचं. हे बाहेरदेशीच्या सगळ्याच प्रीसीझन मॅचना लागू पडतं.

एक जाता जाता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच सबोनिस किंग्सकडे गेला आणि हील्ड पेसर्सकडे आला, त्याच्याबरोबर टायरीस हॅलिबर्टन. २०२३ ला किंग्स कित्येक वर्षांनी प्लेऑफला पोचले, २०२५ ला पेसर्स फायनलला. वरळीत समोरासमोर बघितलेली माणसं अशी अदलाबदल झालेली बघताना मला अजूनही फार आनंद होतो.

शरीर

दुखापतीतून परतलेल्या खेळाडूचं पान वेगळं ठेवा आणि त्यात पॉइंटचा रकानाच आखू नका. उडी मारून तो कोणत्या पायावर उतरतो? दोन्ही पायांवर सारखा उतरत असेल तर उत्तम. दरवेळी चांगल्या पायावर भार टाकून दुखऱ्याला वाचवत असेल तर तारखेसकट लिहा. डिफेन्सला दुखऱ्या पायाने जोर देऊन बाजूला सरकतो का? आणि तो सलग किती मिनिटं कोर्टवर राहिला? सलग पाच मिनिटांचे तुकडे पुढच्या मॅचला सातवर गेले तर काम ठीक चाललंय. आधीच ठरवून बाहेर काढलेला खेळाडू आणि दमून हात गुडघ्यांवर टेकून बाहेर मागणारा खेळाडू यांतला फरक बेंचवर बसताना दिसतो. कॅमेरा तिथे गेला की सोडू नका.

‘उन्हाळ्यात इतकं वजन उतरवलं’, ‘इतका मसल चढवला’ या बातम्या दर ऑक्टोबरला येतात. त्यांची शहानिशा एकाच जागी होते: क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत तो डिफेन्सला पहिल्या मिनिटासारखाच धावत परततो का.

रुकी

रुकींबद्दल (पहिल्याच सीझनच्या खेळाडूंबद्दल) फार लिहीत नाही, कारण ऑक्टोबरमध्ये त्यांच्याबद्दल फार कळतही नाही. फाउल मोजा. समर लीगमध्ये (उन्हाळ्यातल्या नव्या पोरांच्या मॅचमध्ये) खेळाडूला दहा फाउलची मुभा असते, प्रीसीझनपासून सहाची. त्यात आणि समोर पहिल्यांदाच मोठी माणसं. पहिल्या मॅचला दहा मिनिटांत चार फाउल करणारा पोरगा चौथ्या मॅचला दोनवर आला तर तो शिकतोय. दुसरं, बॉल हातात आल्यावर निर्णय घ्यायला लागणारा वेळ. पहिल्या मॅचला पकड, विचार, मग ड्रिबल. शेवटच्या मॅचला पकडतानाच पुढचं ठरलेलं. हा बदल दिसला तर नाव अधोरेखित करा.

निकाल कधी लिहायचा

प्रीसीझन संपली की प्रत्येक पानाखाली एक ओळ लिहा: ‘बेंचवरून १८ मिनिटं, मुख्यतः अमुकच्या जागी’, आणि पुढे खात्री किती ते पक्की, बरी किंवा कच्ची असं. खात्री लिहिली नाही तर डिसेंबरमध्ये सगळेच अंदाज आपल्याला आधीपासून माहीत होते असं वाटायला लागतं.

मग वही मिटा आणि काही आठवडे उघडू नका. वरळीतल्या दोन्ही मॅच जिंकलेले पेसर्स २०१९-२० ची सुरुवात पहिल्या तिन्ही मॅच हरून करून बसले, किंग्स पहिल्या पाचही हरले. किंग्सच्या मार्विन बॅगलीचा अंगठा तर पहिल्याच मॅचला मोडला आणि मोठ्या खेळाडूंच्या मिनिटांचा सगळा हिशेब एका रात्रीत बदलला. सीझन संपला तेव्हा पेसर्स ४५–२८ वर होते आणि किंग्स ३१–४१ वर. पहिल्या आठवड्यावरून यातलं काही दिसलं नसतं.

पंधराएक मॅच झाल्या की पान उघडा. आधी मिनिटं जुळवा, मग कोणाच्या जागी खेळतोय ते. मिनिटं तीन-चारच्या आत जुळली तर अंदाज ठीक. दहाने चुकली तर दोन कारणं शोधा: दुखापत झाली का, आणि कोचने जोडी बदलली का. दोन्ही नसतील तर त्या खेळाडूच्या प्रीसीझनमधल्या एका मॅचचा पहिला आणि तिसरा क्वार्टर पुन्हा लावा, आवाज बंद ठेवा आणि अक्षरांची ओळ नव्याने लिहा. जुनी ओळ खोडू नका, नवी तिच्या खाली लिहा, लाल पेनाने.